वळण लावावे, मोडू नये

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोरेगाव तालुक्यातील एका गावात आल्याच्या कंदकुजीवर शेतकऱ्यांची बैठक होती. बेणेप्रक्रिया, गादीवाफे, पाण्याचा निचरा असे नेहमीचे विषय झाले. चहा झाला, मंडळी पांगली. चाळिशीतले एक शेतकरी मात्र मागे रेंगाळत राहिले. माझ्या मोटारसायकलीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "सलाम, साहेब."

त्या एका शब्दाने मी ओळखले. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत एकमेकांना भेटल्यावर सलाम म्हणण्याची जुनी रीत आहे. माझे आडनाव त्यांनी कुणाकडून तरी ऐकले असावे.

"साहेब, कंद कुजू नये म्हणून औषध सांगितलंत. आता आमच्या पोरीचं काय करू ते सांगा. आठवीत आहे. तीन महिनं झालं, घरात प्रार्थनेला बसत नाही. रविवारी देवळात चल म्हटलं की पोटात दुखतंय म्हणती. गावात आमचं एकच घर. शाळेत पोरी विचारत्यात, तुमचा देव येगळा का? आता हिला मारून न्यावं, का द्यावं सोडून?"

पिकावरचा रोग असता तर मी उभ्या उभ्या उपाय सांगितला असता. इथे मात्र माझी जीभ अडखळली. कारण दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या स्वतःच्या घरात उभा राहिला होता, आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते. "विचार करून सांगतो," एवढेच बोलून मी निघालो. हा लेख म्हणजे त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

हे लिहिणे ख्रिस्ती घरांविषयी असले तरी वाचकहो, ते आपले नाही असे समजून पान उलटू नका. ज्या घरात वारी आहे, जिथे नमाज आहे, जिथे बुद्धवंदना होते किंवा चातुर्मास पाळला जातो, त्या घरातही म्हाताऱ्यांच्या मनात हीच काळजी असते. आपल्या मागे हे कोण चालवणार?

थोडे आहोत, पण इथलेच आहोत

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकवस्तीत ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार. म्हणजे शंभरात एकही पुरता भरत नाही. त्यातही मोठी वस्ती मुंबई-वसईकडची. सातारा-सांगलीच्या खेड्यांत एखाद्या गावी पाच-दहा घरे, एखाद्या गावी एकच.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनची माणसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आली. पुढे वाईलाही त्यांचे काम उभे राहिले. सांगली-मिरजेकडे प्रेसबिटेरियन मिशन आले. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय सुरू केले, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. सांगलीच्या मिशन शाळेत मुलांना पुस्तकांबरोबर शेती आणि हातकामही शिकवत. या कामाच्या ओघात जी घरे ख्रिस्ती झाली, ती बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. माझे आजोबाही तिथलेच. एका मिशन बोर्डिंगात चार इयत्ता शिकले, गावी परत आले, वाट्याने शेती केली आणि पै-पै साठवून दीड एकर विकत घेतले.

त्या पिढीत मुलांना धर्म शिकवण्याचे काम बोर्डिंगने आणि पाळकांनी केले. मूल सहा-सात वर्षांचे झाले की बोर्डिंगात जाई. पहाटेची घंटा, प्रार्थना, वचनांचे पाठांतर, रविवारची शाळा, सगळे घड्याळावर चाले. आईबापांना वेगळे काही करावे लागत नसे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परत गेले, बोर्डिंगे आटली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि कारभार आपल्या माणसांच्या हाती आला. हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. मुलाला देवाची ओळख करून देण्याचे काम आता पुन्हा घरावर आले होते, आणि पुष्कळ घरांना त्याची सवयच उरली नव्हती. पाळक महिन्यातून एकदा गावी येणार. बाकीचे एकोणतीस दिवस मूल कुणाकडे पाहणार? आईबापांकडेच.

टिळकांच्या घरातला धडा

या विषयावर विचार करताना मला साताऱ्याची आठवण होते ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकातून टिळक आपल्या ओळखीचे आहेत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, साताऱ्यात मुक्काम केला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका कुटुंबासारखे एकत्र यावेत, आणि भक्ती करावी ती आपल्या देशी रीतीने, असा त्यांचा हेतू होता. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार फार काळ चालला नाही. पण टिळकांनी केलेली भजने आणि अभंग आमच्या देवळांत आजही टाळ-मृदंगावर गायले जातात. परदेशी चालीवर तोंड वेडेवाकडे करणाऱ्या आमच्या आजी-पणजींना त्यांनी आपल्या चालीत देवाचे नाव घ्यायला लावले, हे त्यांचे आमच्यावर फार मोठे ऋण आहे.

मुलांना वाढवण्याचा धडा मात्र त्यांच्या घरच्या हकिकतीत आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर फुटले. लक्ष्मीबाई आपल्या लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नवरा धर्म बदलून बसला, आता मुलगाही जाणार, ही धास्ती त्या माउलीच्या मनात किती असेल! पुढे त्या मुलासह अहमदनगरला टिळकांकडे राहायला आल्या, तेव्हाही आपले सोवळेओवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल सांभाळूनच. टिळक स्वभावाने तापट. पण या एका बाबतीत त्यांनी बळजबरी केली नाही. बायकोला तिच्या रीतीने राहू दिले, स्वतः आपल्या रीतीने राहिले, आणि वाट पाहिली. पुढे यथावकाश लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकिकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात, हसत आणि हसवत, लिहून ठेवली आहे. ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले.

आणि तो दत्तू? तोच देवदत्त नारायण टिळक. आईच्या मागे 'स्मृतिचित्रे'तला शेवटचा भाग त्यांनी पुरा केला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आईबापांचे धन मुलाने जपले, नातवाने जपले. धाकदपटशाने तीन पिढ्या अशा टिकत नाहीत.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी आणि त्यांच्या चिमुकल्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पण मुलीला धर्म कुणी आणि कसा शिकवायचा, तिने कुठे वाढायचे, यावरून रमाबाईंचे तिथल्या धर्मभगिनींशी मतभेद झाले. मुलगी ख्रिस्ती व्हावी पण आपल्या लोकांना परकी होऊ नये, यावर रमाबाई ठाम होत्या. शेवटी मनोरमा मायदेशी आली आणि आईच्या कामातला उजवा हात झाली. १९२१ साली, आईच्या आधी एक वर्ष, ती वारली. त्याच रमाबाईंनी अवघे बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. आईच्या भाषेत जे आले नाही ते मुलाच्या काळजात उतरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आमच्या घरची रीत

आता थोडे घरचे. आमचे गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठचे. खाली नदीकडे थोडा ऊस, वर माळाला अर्धा एकर द्राक्षबाग. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी मला धर्मावर कधी व्याख्यान दिले नाही. पण रात्री जेवणे झाली की कंदील पुढे ओढून ते शास्त्र उघडत, बोट ठेवून एक उतारा वाचत, आणि मग डोळे मिटून देवाशी बोलत. ती प्रार्थना मोठी नसे. म्हैस व्यायला झाली आहे तिची सुटका नीट होऊ दे. शेजारच्या तात्यांचा पाय मोडला आहे त्यांना बरे कर. सोसायटीचा हप्ता भरण्याची बुद्धी आणि पैसा दे. मला वाटे, देव आमच्या सोसायटीचा सभासदच आहे.

आजी भाकरीसाठी ज्वारी दळायला काढी, तेव्हा प्रत्येक वेळी एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकी. ते धान्य देवाचे. दुष्काळात, बहात्तर साली, घरात मिलोची भाकरी होती तेव्हाही तिने ही मूठ चुकवली नाही, असे आई सांगे. सुगी झाली की देवळात हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकेल ते पहिले फळ देवापुढे आणायचे. कुणी जोंधळ्याची कणसे, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासना झाली की त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. लहानपणी आमच्या शेतातली गाजरांची जुडी माझ्या हातात देऊन आण्णा म्हणत, "तू ने. तू उपटलीयस." ती जुडी पुढे ठेवताना छाती कशी फुगे ते आजही आठवते. देवाला काही देता येते आणि देणारा मी आहे, ही गोष्ट मी पुस्तकातून नाही, त्या गाजरांतून शिकलो.

बेंदराचा प्रश्न दरवर्षी येई. गावातले सगळे बैल रंगणार, घुंगरू वाजणार, आणि आमचे बैल? बैल तर आमचेही होते. आण्णा भल्या पहाटे बैलांना नदीवर नेऊन खसाखसा धूत, शिंगे रंगवू देत, पुरणाची पोळी चारीत. पूजा करीत नसत. बैलांच्या पाठीवर हात ठेवून, "देवा, ह्यांच्या जिवावर आम्ही जगतो, ह्यांना राख," एवढे बोलत. मी त्यात कधी मागे पडलो असे मला वाटले नाही, आणि कधी खोटे वागलो असेही वाटले नाही. गावच्या जत्रेत आम्ही वर्गणी देत होतो. नाताळात कळकाच्या कामट्या आणि रंगीत कागद लावून केलेली चांदणी आमच्या दारावर लागे, आणि करंज्या-शंकरपाळ्यांची ताटे साऱ्या आळीत जात. दिवाळीत ती ताटे भरून परत येत.

प्रभू येशूचे बरेचसे दाखले शेतकऱ्याचे आहेत. पेरणारा, मोहरीचा दाणा, गव्हात उगवलेले तण, फळ न देणारे अंजीर, द्राक्षाचा मळा. शेतकऱ्याच्या पोराला ते समजावून सांगावे लागत नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी करताना वेलीतून पाणी गळते. मी आण्णांना विचारले होते, "वेल रडतोय का?" ते म्हणाले, "रडतोय. पण छाटला न्हाई तर ऑक्टोबरात घड कुठला?" वेलाचा आणि फांद्यांचा तो उतारा मी पुढे शेकडो वेळा वाचला, दरवेळी मला माळावरची आमची बाग दिसते.

माझी चूक

एवढे सगळे ज्याला मिळाले त्याने आपल्या मुलाला काय दिले? हे सांगायला जड जाते, पण सांगतो.

नोकरीमुळे माझे बिऱ्हाड तालुक्याच्या गावी. दौरे, पंचनामे, बैठका, कागद. रात्री घरी येईपर्यंत मुले निजलेली. घरातली प्रार्थना आठवड्यावर गेली, मग बंदच पडली. मला वाटले, रविवारी देवळात नेतो आहे तेवढे पुरे. म्हणजे आजोबांच्या वेळी जे बोर्डिंगवर सोपवले होते ते मी रविवारच्या दीड तासावर सोपवले.

२०१५ साली मुलगा नववीत होता. एका रविवारी त्याच्या शाळेचा क्रिकेटचा शेवटचा सामना होता. तो म्हणाला, "आज मी देवळात येणार नाही." मी म्हणालो, "देव मोठा का क्रिकेट मोठं?" त्याने उलट विचारले, "मग तुम्ही पंचनाम्याला रविवारी जाता तेव्हा?" मी त्याच्या थोबाडीत मारली. हाताला धरून ओढत नेऊन देवळात बसवले. तो बसला. गाण्याच्या वेळी सगळे उभे राहिले, तोही उभा राहिला, पण तोंड उघडले नाही. मी मात्र मोठमोठ्याने गात होतो.

संध्याकाळी गावाहून आलेल्या माझ्या आईला हे कळले. ती एवढेच म्हणाली, "तुझ्या बापानं तुला कधी दंडाला धरून न्हेलं हुतं का रं?"

दहावी झाल्यावर मुलगा देवळात यायचा थांबला. मीही बोललो नाही. आमच्या दोघांत एक भिंत उभी राहिली. पौलाने आपल्या पत्रात बापांना बजावले आहे की पोरांना इतके टोचू नका की ती जेरीस येतील. हा उतारा मी लहानपणापासून वाचत आलो होतो. तो मला लागू आहे हे तेव्हा कळले.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेला महापूर आला, सांगली बुडाली, आमच्या गावातही पाणी शिरले. मुलगा तेव्हा सुटीला आजीकडे होता. गणेश मंडळाच्या पोरांबरोबर चार दिवस तो गुरे सोडवत होता, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन उंचावरच्या शाळेत पोहोचवत होता. मी रस्ते मोकळे झाल्यावर तिथे पोहोचलो. रात्र होती. वीज नव्हती. शाळेच्या खोलीत सतरंज्यांवर पन्नासेक माणसे. कोपऱ्यात माझी आई तेविसावे स्तोत्र म्हणत होती, मेंढपाळाचे. आजूबाजूच्या बाया, कुणी माळकरी, कुणी जैन, गप्प बसून ऐकत होत्या. मधेच आईला पुढचे आठवेना. ती थांबली. तेव्हा तिच्याशेजारी चिखलाने माखलेल्या अंगाने बसलेल्या माझ्या मुलाने पुढची ओळ म्हटली. मग पुढची. शेवटपर्यंत.

हे त्याला मी शिकवले नव्हते. रविवारच्या शाळेनेही नाही. लहानपणी सुटीत गावी गेल्यावर आजीच्या गोधडीत निजताना ते त्याच्या कानावर पडले होते. मारून जे आत घालायला मी गेलो ते राहिले नाही. गोधडीत जे नकळत पडले ते पुरातही वाहून गेले नाही.

याचा अर्थ सगळे सुरळीत झाले असा नाही. मुलगा आज पुण्यात नोकरी करतो. दर रविवारी तो देवळात जातोच असे नाही, आणि मी विचारत नाही. त्या थोबाडीबद्दल मी त्याची माफी मागितली. बापाने मुलाची माफी मागायची आमच्याकडे रीत नाही; पण मागितली. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आता तो गावी आला की रात्री आजीच्या जागेवर बसतो आणि प्रार्थना तोच करतो. छोटीच करतो, आण्णांसारखी.

वेगळेपणाचे ओझे

कोरेगावच्या त्या मुलीचा प्रश्न क्रिकेटचा नाही, वेगळेपणाचा आहे. एकट्या घरातल्या मुलावर हे ओझे लवकर येते. शाळेत आरती असते, वर्गात कुणी विचारते, "तुमचा देव इंग्रजांचा का?" अशा वेळी मुलाला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. एक, येशूचा जन्म इंग्लंडात नाही, आपल्याच आशिया खंडात, सुताराच्या घरी झाला. दोन, आपण ख्रिस्ती आहोत म्हणून कमी मराठी नाही. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई ही नावे मुलांना घरात माहीत करून द्यावीत.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे काही घरांत कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा, असे होते. गरिबीने हे करायला लावले. मी कुणाला नावे ठेवणार नाही. पण मूल सारे पाहत असते. आपण कागदावर काय लिहिले आणि का लिहिले, हे मूल जाणते झाले की त्याला बसवून खरे खरे सांगावे. लपवले तर ते एवढेच शिकते, की देव ही लपवायची गोष्ट आहे.

काही पथ्ये

खात्याच्या सवयीने शेवटी पथ्ये सांगतो. ही माझ्या चुकीतून आलेली आहेत.

१. घरातली प्रार्थना रोज असावी आणि छोटी असावी. पाच मिनिटे पुरेत. लांबण लावली की पोरे पेंगतात आणि प्रार्थनेचा कंटाळा धरतात.

२. प्रार्थनेत घरातली खरी अडचण यावी. मुलाच्या परीक्षेची, गाईच्या आजाराची, शेजाऱ्याच्या दुःखाची. एखाद्या रात्री मुलालाच प्रार्थना करू द्यावी आणि ती दुरुस्त करू नये.

३. देणे मुलाच्या हातून व्हावे. देवळातले दान असो, दारी आलेल्याची भाकरी असो, त्याच्या हातात द्यावी.

४. जे मुलाला सांगतो ते आधी आपण करावे. रविवारी पाण्याची पाळी आली तर जावेच लागते. बैल विहिरीत पडला तर विश्रांतीच्या दिवशीही काढावा लागतो, हे प्रभूनेच म्हटले आहे. पण गरजेला गरज म्हणावे. आपली सोय ती गरज आणि मुलाची हौस ते पाप, असा न्याय लावू नये.

५. दुसऱ्याच्या देवाची निंदा मुलासमोर करू नये. ज्या शेजाऱ्याच्या घरी आपले ताट जाते, त्याच्या श्रद्धेची टवाळी ऐकणारे मूल श्रद्धा शिकत नाही, टवाळी शिकते.

६. आजी-आजोबा घरात असतील तर मुलाला त्यांच्याजवळ निजू द्यावे.

७. निवड मुलाची आहे, हे विसरू नये. आमच्यात काही मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात आणि मूल जाणते झाल्यावर दृढीकरण करतात. काही मंडळ्या जाणते झाल्यावरच बाप्तिस्मा देतात. दोन्हीकडे शेवटचा होकार मुलाने स्वतःच्या तोंडाने द्यायचा असतो. मंडळी जिथे थांबून वाट पाहते तिथे बापाने घाई का करावी?

द्राक्षाचा नवा वेल मांडवावर नेताना आपण कोवळी काडी काठीला बांधतो. मुळीच बांधली नाही तर ती जमिनीवर लोळते. सुतळी करकचून आवळली तर काडी मोडते किंवा सुतळी सालीत रुतते. सैल गाठ मारून, दर आठ-दहा दिवसांनी पाहून, वर वर न्यावी लागते. बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. बापाला सांगावे लागते.

दिवाळीनंतर मी त्या गावी पुन्हा गेलो. त्यांच्या रानात हरभऱ्याची पेरणी चालली होती. बांधावर बसून मी त्यांना हे सगळे सांगितले. माझ्या मुलाचे, थोबाडीचेही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मारलं न्हाई साहेब. चल म्हणायचंबी सोडलं. नुसतं आम्ही दोघं नवरा-बायकू रोज रातच्याला बसतो. ती आतल्या खोलीत अभ्यास करती. पर परवा मला इचारलं, दाखल्यातला तो पेरणारा येडा हुता का? वाटंवर आन खडकावर कोण बी टाकतं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मला काय सांगता आलं न्हाई."

मी म्हटले, "त्या काळी तिकडे हाताने फोकून पेरत. फोकलेले बी सगळे सरीत पडत नाही. थोडे वाया जाणार हे पेरणाऱ्याला माहीत असते. तरी तो मूठ आखडत नाही. एवढे सांगा तिला."

ते हसले. पाभरीमागे त्यांची बायको बी सोडत होती. बांधाच्या पलीकडे शाळेतून आलेली पोर दप्तर खाली ठेवून आमच्याकडे पाहत उभी होती.